चार मिनिटांची जागा

माझ्या फोनने बायकोचं गाणं दुसऱ्या ओळीवर तोडलं, तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो हे त्यातल्या त्यात बरं झालं. ती ओट्याला पाठ टेकवून, डोळे मिटून गात होती. मी समोर फोन दोन्ही हातांत धरून, कोपरं पोटाशी आवळून, श्वास रोखून उभा होतो. श्वास रोखायची सूचना तिचीच. माझं नाक वाजतं असं तिचं जुनं मत आहे. तेवढ्यात फोनच्या पडद्यावर पाटी आली, ‘जागा शिल्लक नाही’, आणि चित्रण बंद पडलं.

तिने डोळे उघडले. “का थांबलात?”

“मी नाही थांबलो. हा थांबला.”

“म्हणजे कार्यक्रमातही हा असाच थांबणार?”

प्रश्न रास्त होता. मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेल्यापासून बायको गाण्याच्या वर्गाला जाते. वर्षभर घोळक्यात गायल्यावर या खेपेला बाईंनी तिला एकटीला गाणं दिलं होतं. चार मिनिटांचं, रंगमंचावर, माइकसमोर. कार्यक्रम येत्या रविवारी होता. मुलीला सुट्टी नव्हती, म्हणून तिने फोनवरून बजावून ठेवलं होतं, “बाबा, पूर्ण गाणं पाठवा. तुकडे नकोत.” बायकोची मागणी आणखी वेगळी होती.

“मला एकदा बाहेरून ऐकायचंय.”

“बाहेरून म्हणजे?”

“आपण गातो ते आपल्याला आतून ऐकू येतं. ते खरं नसतं. बाई म्हणतात.”

बाई म्हणतात म्हटल्यावर आमच्या घरात अपील चालत नाही. बायकोचा स्वतःचा फोन बटणांचा आहे आणि त्याचा तिला अभिमान आहे. म्हणजे ती बाहेरून कशी वाटते हे तिला ऐकवण्याची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर आणि माझ्या फोनवर आली. पुन्हा स्वयंपाकघरात चित्रण करायला तिने साफ नकार दिला. “इथलं नको. इथे मी कुकरच्या शिट्टीच्या अंदाजाने गाते. तिथलं खरं.”

आता फोन का भरला, हे सांगणं भाग आहे. मी विमा कंपनीत दावे तपासतो. माणूस बुडाला, आग लागली, गाडी खड्ड्यात गेली, काहीही होवो, मी विचारतो, फोटो आहे का? असा जन्म काढल्यावर माणूस घरीही तसाच वागतो. गाडी लावली की मी जवळच्या खांबाचा फोटो काढतो. गिझर बंद करून गावाला निघालो की बंद बटणाचा फोटो काढतो. औषधाची पट्टी, पाण्याचं मीटर, दुरुस्तीआधीचं धुण्याचं यंत्र, दुरुस्तीनंतरचं धुण्याचं यंत्र. यातलं काहीही पुसता येत नाही, कारण कधी काय लागेल ते सांगता येत नाही. आजवर त्यातलं काही लागलेलं नाही, हा भाग वेगळा.

तरी त्या संध्याकाळी आम्ही पुसायला बसलो. पहिल्याच फोटोवर मतभेद झाले.

“हा पुसा. माझं तोंड उघडं आहे.”

“पण मागे पडदे दिसतायत. जुने. ते कुठले घेतले होते हे कधी सांगावं लागलं तर?”

“कुणाला?”

पडदे राहिले. मग एका समारंभातले सारखेच दिसणारे बरेच फोटो निघाले. त्यातला एक ठेवू, असं ठरलं. जो मी निवडला त्यात ती जाड दिसत होती, जो तिने निवडला त्यात मी नव्हतोच. शेवटी सगळे ठेवले. जेवायची वेळ झाली तेव्हा आम्ही फक्त एकच फोटो पुसला होता. तो माझ्या अंगठ्याचा होता, आणि नंतर मला त्याची थोडी हुरहुर लागली.

मुलीला फोन लावला. ती हसली आणि म्हणाली, “बाबा, एवढं कशाला? सगळं क्लाउडवर टाका. मी तुम्हाला खातं काढून दिलं होतं ना!”

खातं होतं. पासवर्ड नव्हता. पासवर्ड विसरलेल्यांना यंत्र एक प्रश्न विचारतं. मला विचारलं, तुमचं सर्वांत आवडतं ठिकाण कोणतं? आपलं आवडतं ठिकाण आपल्याला माहीत असतं, असा माझा समज होता. मी आधी समुद्रकिनारा लिहिला. चूक. डोंगर. चूक.

“ऑफिस लिहून बघा,” बायको आतून म्हणाली.

ते चूक निघालं याचा मला आनंद झाला, पण तेवढ्यात यंत्राने माझ्यावरचा विश्वास संपल्याचं जाहीर केलं आणि दार लावून घेतलं. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “उत्तर मीच भरलं होतं बाबा. पण काय भरलं ते आठवत नाही.” म्हणजे माझं आवडतं ठिकाण कोणतं हे तीन माणसांच्या कुटुंबात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग मला ऑफिस आठवलं. तिथल्या संगणकांत भरपूर जागा असते, बराचसा संगणक रिकामाच असतो. मी संगणक कक्षाच्या प्रमुखांकडे गेलो. हे गृहस्थ बोलताना समोरच्याकडे पाहत नाहीत, पंख्याकडे पाहतात.

“वायर लावून फोटो उतरवायचेत? अर्ज करा.”

“पाच मिनिटांचं काम आहे हो.”

“मग पाच मिनिटांचा अर्ज करा.”

मी अर्ज केला. अर्ज वर गेला. बाहेरचं यंत्र ऑफिसच्या यंत्राला जोडायचं म्हणजे जोखीम आली, जोखीम आली की अभिप्राय आला, आणि अभिप्राय द्यायचा अधिकार आमच्या विभागाचा. दुसऱ्या दिवशी माझाच अर्ज तपासणीसाठी माझ्या टेबलावर आला. मी तो शांतपणे वाचला. कारण मोघम होतं. नुकसान कशाने होणार हे स्पष्ट नव्हतं. जागा खरोखरच संपली आहे याचा पुरावा जोडलेला नव्हता. अर्जदार ओळखीचा आहे म्हणून सवलत देणं मला कधी जमलेलं नाही. मी ‘पुराव्याअभावी परत’ असा शेरा मारून सही केली. घरी हे सांगितलं तेव्हा बायकोने आपली गाण्याची वही उघडली आणि मन लावून वाचायला लागली.

या टप्प्यावर एक्स्चेंजकाका आले. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. त्यामुळे जगात जिथे जिथे फोन आहे तिथे आपला शब्द शेवटचा, असं त्यांचं म्हणणं आहे. जिन्यात बायकोने त्यांना सहज सांगितलं आणि ते सरळ आमच्या दिवाणखान्यात येऊन बसले. माझा फोन तळहातावर ठेवून त्यांनी वजनाचा अंदाज घेतला.

“जड झालाय,” ते म्हणाले.

“फोटोंनी वजन वाढत नाही, काका.”

“तुम्ही खात्यात होता का मी?” त्यांनी विचारलं. “सगळा भार एकाच लाइनवर टाकलात तर लाइन बसणारच. आम्ही काय करायचो? भार वाटून द्यायचो. तुम्हाला नातेवाईक आहेत ना?”

“आहेत.”

“मग झालं तर. त्यांच्या फोनमध्ये थोडं थोडं ठेवा. रविवार झाला की परत आणा.”

मला हे पटलं, हे मी लपवत नाही. आमच्यात हे चालतंच. माझ्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या माळ्यावर आमच्या दोन जादा गाद्या आहेत. बायकोच्या भावाची, म्हणजे मेहुण्याची शिलाई मशीन आमच्या बाल्कनीत आहे. ती कुणी वापरत नाही, पण ती त्याची आहे म्हणून आम्ही दर महिन्याला पुसतो. गाद्या जिथे राहतात तिथे फोटो का राहू नयेत? ताईला सहली आणि समारंभ पाठवले. मेहुण्याला खांब, मीटर, बटणं आणि यंत्रं. उरले दवाखान्याचे कागद आणि एक्स-रे. ते काका म्हणाले, “मी इथेच आहे, माझ्याकडे द्या. हाताशी राहतील.”

दोन दिवस मी अंगठा दुखेपर्यंत पाठवत होतो. तिघांनी ‘मिळालं, जपून ठेवलंय’ असं कळवलं. मग मी आपल्याकडचं एकेक पुसलं, छातीवर दगड ठेवून, आणि शिल्लक किती झाली ते पाहिलं. जागा आधीपेक्षा कमी झाली होती.

मुलगी फोनवर इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. “बाबा, तुम्ही जे पाठवता त्याची एक प्रत तुमच्याकडेच राहते. पाठवलेल्यांच्या कप्प्यात. आणि पुसलेलं कचरापेटीत जातं. तिथे ते महिनाभर पडून असतं.”

“म्हणजे मी फोटोंची दोन घरं केली?”

“तीन. एक ताईआत्याकडे.”

तिच्या सांगण्याप्रमाणे मी दोन्ही कप्पे रिकामे केले आणि खरोखर फोन मोकळा झाला. इतका मोकळा की बोललं तर घुमेल असं वाटलं. खात्री करायला मी छताच्या पंख्याचं अख्ख्या गाण्याएवढं चित्रण केलं. पंखा शेवटपर्यंत फिरला. बायकोने ते पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, “चला, म्हणजे ऐकायला मिळणार.”

पण ठेव ठेवली की ठेवणाऱ्याच्या घरी ती उघडली जाते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्या गाद्यांवरही ताईकडचे पाहुणे झोपतातच.

पहिला फोन ताईचा. “सगळे पाहिले.”

“पाहायला नव्हते पाठवले ताई, ठेवायला पाठवले होते.”

“इतक्या फोटोंत मी मोजून तीनदा आहे. त्यातल्या दोनात डोळे मिटलेले. आणि तुझी मेहुणी प्रत्येक फोटोत मधोमध! तिला कुणी उभं केलं मधोमध?”

“ती आपणच उभी राहते.”

“आणि तू काढतोस!”

मेहुण्याचा सूर काळजीचा होता. त्याने माझ्या बायकोला स्वतंत्र फोन केला आणि हळूच विचारलं, “ताई, भावोजी बरे आहेत ना? नुसते खांब आहेत गं. वेगवेगळे खांब. एका खांबाचे तर दोन्ही बाजूंनी काढलेत.”

काकांनी मात्र हद्द केली. माझे एक्स-रे त्यांनी मोठ्या चष्म्यातून पाहिले आणि इमारतीत ज्याला त्याला दाखवले, अर्थात सद्भावनेने. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात थांबवून त्यांच्या दिरालाही अशीच गुडघ्यात फट होती असं सांगितलं. रखवालदाराने मला पाहिलं की स्वतःची खुर्ची पुढे करायला सुरुवात केली. मी बसत नव्हतो. एक्स-रे जुना होता, आता मला गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. पण दोन-तीनदा नाही म्हटल्यावर तो इतका हिरमुसला की चौथ्या वेळी मी बसलो, आणि नेमके तेव्हाच काका वरून उतरले. “बघा, मी म्हणत नव्हतो?” ते सगळ्यांना म्हणाले.

रविवार उजाडला. सभागृह छोटं होतं, खुर्च्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या, त्यामुळे एकजण हलला की अख्खी रांग हलायची. मी पुढच्या रांगेत कडेला बसलो. माझ्या मागे ताई, मेहुणा आणि काका. मुलीने सांगितलं होतं, “आईचा नंबर आला की मला कळवा,” म्हणून मी इंटरनेट चालू ठेवलं होतं. फोन पूर्ण चार्ज, काच रुमालाने पुसलेली. पडद्याआडून बायकोने एकदा डोकावून माझ्याकडे पाहिलं. मी फोन उंचावून दाखवला. ती निश्चिंत होऊन आत गेली. तो क्षण आठवला की आजही माझे कान तापतात.

मध्यंतरात ताईला तिघांचा फोटो काढायचा होता. तिचा फोन म्हणाला, जागा नाही. मेहुण्याने आपला काढला, तोही तेच म्हणाला. काकांचा फोन तर काही बोलायच्या पलीकडे गेला होता.

“तुझंच सामान भरलंय यात,” ताई म्हणाली. “आता वहिनीचं गाणं आम्ही कशात घ्यायचं?”

“घेऊ नका. मी घेतोय.”

“वा! माझ्या भावजयीचं गाणं, आणि मी घेऊ नको?”

“मग पुसा थोडं,” मी म्हणालो.

तिघंही माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी काही अभद्र बोललो होतो.

“असं कसं पुसू?” ताई म्हणाली. “दुसऱ्याची ठेव आहे. तुझ्या गाद्या मी कधी टाकल्या का?”

“आधी परत करायचं, मग पुसायचं,” मेहुणा म्हणाला. “आपल्याकडे तीच पद्धत.”

“आणि पोहोच मिळाल्याशिवाय तर नाहीच,” काकांनी खात्याचा नियम सांगितला.

मी काही बोलणार, तेवढ्यात दिवे मंदावले आणि निवेदिकेने बायकोचं नाव घेतलं. मी घाईघाईने मुलीला कळवलं, फोन वर धरला आणि लाल ठिपका दाबला. तबला लागला. बायकोने माइककडे एक पाऊल टाकलं, माझ्या फोनकडे पाहिलं, डोळे मिटले आणि पहिली ओळ घेतली.

माझ्या मागे तिघंजण खाली माना घालून माझी ठेव परत करत होते. त्या क्षणी मला ते माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की पडद्याच्या वरच्या कडेला काहीतरी भराभर उतरतंय. आधी ताईकडच्या सहली आल्या. मग मेहुण्याकडचे खांब. मग माझ्या गुडघ्याचा एक्स-रे बायकोच्या चेहऱ्यावरून सरकत गेला. पहिलं कडवं संपता संपता लाल ठिपका विझला. ‘जागा शिल्लक नाही.’

मी मागे वळलो. ताई कुजबुजली, “पोहोचले का रे? इथे अजून दुसरी खूण उमटत नाही!” माझ्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून त्यांचं पोहोचत नव्हतं, पोहोचत नव्हतं म्हणून ते पुसत नव्हते, आणि पुसत नव्हते म्हणून त्यांनाही घेता येत नव्हतं. तीन सज्जन माणसं, तीन भरलेले फोन, आणि समोर माझी बायको दुसरं कडवं गात होती.

मी हात खाली घेतला नाही. तिने डोळे उघडले असते तर काय पाहिलं असतं? म्हणून काळा पडलेला फोन मी शेवटपर्यंत तसाच धरून बसलो. हात भरून आले. दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे मी ऐकत होतो. दुसऱ्या कडव्यात एका ओळीला ती वर गेली. रोज स्वयंपाकघरात जिथे थांबायची त्याच्याही वर, आणि तिथे थोडी राहिली. तबलजींनी मान हलवली. मग ती खाली आली, टाळ्या झाल्या, आणि तिने डोळे उघडून पहिल्यांदा माझ्या हाताकडे पाहिलं.

रिक्षात मी तिला सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती बाहेर पाहत म्हणाली, “असू दे. मला नुसतं ऐकायचं होतं.”

सकाळी तिचा आवाज पार बसलेला. कार्यक्रमानंतर सगळ्यांशी बोलण्याचा परिणाम. मुलीचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला.

“बाबा, पाठवलंत का?”

मी झालं ते क्रमाने सांगितलं, पहिल्या कडव्याचा तुकडाही जागेअभावी साठवला गेला नाही हेही. पलीकडे हसू आलं नाही. “म्हणजे आईचं गाणं कुणाकडेच नाही?”

“नाही.”

“आई, आत्ता गातेस?”

बायकोने गळ्याकडे बोट दाखवलं. ते मुलीला दिसणार नाही हे लक्षात आल्यावर तिने कुजबुजून “नाही गं” म्हटलं.

“बाबा, तुम्ही पूर्ण ऐकलंत ना?”

“पूर्ण.”

“मग तुम्ही गाऊन दाखवा.”

मी गात नाही. शाळेत समूहगीताला मला मागे उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं आणि तो निर्णय योग्य होता. हे मी दोघींना सांगितलं.  बायकोने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. हात मांडीवर, तोंड माझ्याकडे. कार्यक्रमाला आलेल्या माणसासारखी.

मी डोळे मिटून सुरू केलं. पहिली ओळ बरी गेली असावी, कारण कुणी थांबवलं नाही. कडवं आलं तशी पट्टी सुटली. बायको टेबलावर बोटाने ठेका धरत होती आणि मी त्या ठेक्याच्या मागून धापा टाकत येत होतो. मग ती ओळ आली.

“इथे मी वर गेले?” तिने कुजबुजत विचारलं.

“गेलीस.”

“किती?”

“इतकी,” मी म्हणालो आणि गेलो. माझा आवाज वाटेत फाटला. समोरच्या गॅलरीतल्या माणसाने वर पाहिलं. बायको हसत होती, आवाज नव्हता म्हणून नुसती गदगदा हलत होती, आणि डोळ्यांत पाणी. “ती ओळ पुन्हा,” ती म्हणाली. मी पुन्हा फाटलो. “आणि तिथे थांबले?” “थांबलीस. इतका वेळ.” मी थांबून दाखवलं, जीव कासावीस होईपर्यंत.

तिने डोळे पुसत विचारलं, “मी असं घेतलं?”

“असंच. फक्त सुरात.”

मुलीने पलीकडे हे सगळं ध्वनिमुद्रित केलं होतं. दुपारपर्यंत ते घरच्या गटावर आलं. बाकीच्यांनी काय म्हटलं ते मी इथे नमूद करत नाही. प्रश्न माझ्याच फोनचा होता. ते उतरवून घ्यायला त्यात जागा नव्हती, आणि बायकोला ते हवं होतं.

मी कुणालाही न विचारता पुसायला बसलो. हाताला लागेल ते पुसलं. काय काय गेलं ते विचाराल तर मला आज सांगता येणार नाही.

संध्याकाळी तिने फोन कानाला लावला. माझा आवाज खोलीभर भेसूर पसरला. ती मन लावून, मान किंचित वाकवून ऐकत होती. ती ओळ आली तशी तिने बोट वर केलं.

“इथे माझा सूर चांगला लागला होता,” ती म्हणाली.